कँटरबरीच्या आर्चबिशपना गादीवर बसवतात, म्हणजे नेमके काय करतात?

२१ मार्च २०१३ रोजी दुपारी इंग्लंडमधील कँटरबरी कॅथेड्रलचा पश्चिमेकडचा दरवाजा बंद होता, आत सुमारे दोन हजार माणसे वाट पाहत बसली होती, आणि ज्यांच्यासाठी ती जमली होती ते जस्टिन वेल्बी बाहेर उभे होते. त्यांनी हातातल्या पाळकीय काठीने दारावर तीन वेळा ठोठावले. दार उघडल्यावर त्यांच्यासमोर कोणी ज्येष्ठ धर्माधिकारी नव्हता, तर सतरा वर्षांची एक मुलगी होती. आपण कोण आहात आणि आत येण्याची परवानगी कशासाठी मागता, असे तिने विचारले. या पहिल्या प्रश्नाला उत्तर देताना वेल्बी यांनी आपले आडनाव सांगितले नाही आणि पदही सांगितले नाही. मी जस्टिन, येशू ख्रिस्ताचा सेवक, आणि देवाच्या कृपेच्या शोधात तुमच्याबरोबर चालण्यासाठी आलो आहे, एवढेच ते म्हणाले. कोणत्या भरवशावर आलात, या तिच्या नंतरच्या एका प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातले होते: वधस्तंभावर खिळलेल्या ख्रिस्ताखेरीज मला दुसरे काही ठाऊक नाही, आणि मी दुर्बळपणे, भीत व कापत आलो आहे.

हे दृश्य पाहणाऱ्याला साहजिकच वाटते की या क्षणापर्यंत दाराबाहेरचा माणूस उमेदवार होता आणि दार ओलांडून आसनावर बसल्यावर तो आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख धर्माधिकारी, झाला. प्रत्यक्षात तसे नव्हते. कायद्याच्या दृष्टीने वेल्बी ४ फेब्रुवारी २०१३ रोजीच कँटरबरीचे १०५वे आर्चबिशप झाले होते, म्हणजे दार ठोठावताना त्यांना पदावर येऊन सहा आठवड्यांहून अधिक काळ लोटला होता. मग पद हाती असलेल्या माणसाने परवानगी कशाची मागायची, आणि त्याला आसनावर बसवायचे म्हणजे नेमके काय द्यायचे? अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधून वाढलेल्या, परंपरेतल्या या सोहळ्याचे मर्म याच प्रश्नात आहे, आणि सुदैवाने मराठी वाचकाला त्याचे उत्तर समजायला फार लांब जावे लागत नाही, कारण त्यासाठी लागणारे शब्द आपल्याकडे आधीपासून आहेत.

त्यातला पहिला शब्द गादी. साताऱ्याची गादी किंवा कोल्हापूरची गादी असे आपण म्हणतो तेव्हा कापसाच्या बैठकीविषयी बोलत नसतो. ती बैठक, तिच्याशी जोडलेला अधिकार आणि तो अधिकार ज्या मुलखावर चालतो तो मुलूख, या तिन्हींना मिळून आपण गादी म्हणतो. मठांच्या बाबतीत हाच अर्थ पीठ या शब्दात येतो. ख्रिस्ती परंपरेतला 'कॅथेड्रा' हा शब्द थेट याच जातीचा आहे. त्याचा अर्थ फक्त आसन. प्राचीन काळी गुरू बसून शिकवत आणि ऐकणारे उभे राहत, म्हणून बिशपचे आसन हे त्याच्या शिकवण्याच्या अधिकाराचे चिन्ह ठरले. ज्या चर्चमध्ये असे आसन असते ते कॅथेड्रल. अनेकांची समजूत असते की मोठे आणि भव्य चर्च म्हणजे कॅथेड्रल, पण आकाराचा त्याच्याशी संबंध नाही; बिशपची गादी जिथे आहे ते कॅथेड्रल, मग इमारत लहान का असेना.

कँटरबरीची ही गादी इ. स. ५९७ पासूनची आहे. त्या वर्षी पोप ग्रेगरी यांनी रोमहून पाठवलेले ऑगस्टीन नावाचे संन्यासी आपल्या सोबत्यांसह केंट राज्यात उतरले. तिथला राजा एथेलबर्ट ख्रिस्ती नव्हता, पण फ्रँक राजघराण्यातून आलेली त्याची राणी बर्था ख्रिस्ती होती, त्यामुळे ऑगस्टीन यांना आश्रय मिळाला आणि ते कँटरबरीचे पहिले आर्चबिशप झाले. (आपल्या 'कन्फेशन्स'साठी प्रसिद्ध असलेले आफ्रिकेतील संत ऑगस्टीन ते हे नव्हेत, त्या दोघांत दीडशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे.) सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने इंग्लंडच्या चर्चचा रोमशी असलेला संबंध तोडला, तरी गादी तीच राहिली आणि क्रमांकही तोच पुढे चालू राहिला. बदलले ते गादीवर कोणी बसायचे हे ठरवणारे हात.

ते हात कोणाचे, हे थोडे सावकाश पाहायला हवे, कारण सोहळ्याआधीचा सगळा कायदेशीर भाग इथे आहे. आज प्रथम एक नामनिर्देशन आयोग अनेक महिने विचारविनिमय करून एक नाव निश्चित करतो. या आयोगात चर्चच्या सर्वोच्च सभेचे प्रतिनिधी असतात, कँटरबरी धर्मप्रांताचे, म्हणजे तिथल्या बिशपच्या देखरेखीखालच्या मुलखाचे, प्रतिनिधी असतात, आणि २०२२ मधील बदलानंतर जगभरच्या अँग्लिकन चर्चांचे पाच प्रतिनिधीही असतात. पूर्वी तिथे असा एकच प्रतिनिधी असे. हे नाव पंतप्रधानांमार्फत राजाकडे जाते, कारण इंग्लंडचा राजा हा त्या चर्चचा सर्वोच्च शासक मानला जातो. राजाच्या संमतीनंतर नाव जाहीर होते, पण नियुक्ती अजून झालेली नसते. आता कँटरबरी कॅथेड्रलच्या कॅनन मंडळाने, म्हणजे कॅथेड्रलशी जोडलेल्या धर्माधिकाऱ्यांच्या मंडळाने, आर्चबिशपची निवडणूक करायची असते. त्यासाठी राजाकडून त्यांना निवडणूक घेण्याची परवानगी येते आणि तिच्यासोबत कोणाला निवडायचे हे सांगणारे पत्रही येते. ही रचना आठव्या हेन्रीच्या काळातील १५३३ च्या कायद्यातून आली. त्या कायद्यात पत्रातले नाव नाकारणाऱ्यांसाठी कठोर शिक्षेची तरतूद होती आणि ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कायद्याच्या पुस्तकात होती. निवडणुकीचा हा प्रकार आज विचित्र वाटेल, परंतु बिशपची निवड त्याच्या कॅथेड्रलच्या मंडळींनी करावी हा जुना हक्क आणि अंतिम शब्द राजाचा असावा हा नवा दावा, या दोहोंना एकाच कागदावर बसवण्याचा तो प्रयत्न होता.

निवडणुकीनंतर येते निवडणुकीची पुष्टी, आणि पद खऱ्या अर्थाने मिळते ते इथे. ज्येष्ठ बिशपांच्या आयोगापुढे, न्यायालयाच्या थाटात, वकिलांच्या उपस्थितीत हा विधी होतो. निवडलेली व्यक्ती तीच आहे, निवड रीतसर झाली आहे, वय आणि दीक्षा यांच्या अटी पूर्ण झाल्या आहेत, याचे दाखले वाचले जातात आणि मग धर्मप्रांताचा आध्यात्मिक कारभार तिच्याकडे सोपवला जातो. वेल्बी यांच्यासाठी हा विधी लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये ४ फेब्रुवारीला झाला. त्यानंतर नवे आर्चबिशप राजापुढे गुडघे टेकून निष्ठेची शपथ घेतात आणि पदाशी जोडलेले ऐहिक हक्क त्यांना मिळतात. यात कुठेही नवी दीक्षा नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. बिशपपदाची दीक्षा आयुष्यात एकदाच मिळते. वेल्बी यांना ती २०११ मध्ये डरहॅमचे बिशप होताना यॉर्क मिन्स्टरमध्ये मिळाली होती. कँटरबरीत त्यांना कोणी पुन्हा बिशप केले नाही.

मग मार्चमध्ये उरले काय? उरला ताबा.

आपल्याकडे जमिनीचे खरेदीखत नोंदवले गेले की मालकी बदलते, पण प्रत्यक्ष जागेवर जाऊन, हद्दी पाहून ताबा घेतल्याशिवाय व्यवहार पूर्ण झाला असे कोणी मानत नाही. इंग्लंडच्या मध्ययुगीन कायद्याची धारणा अगदी अशीच होती. हक्क कागदाने मिळतो, ताबा शरीराने घ्यावा लागतो. तिथल्या साध्या गावच्या चर्चमध्ये नवा पाळक येतो तेव्हाही हेच दोन टप्पे दिसतात: बिशप त्याला पदाचा अधिकार देतो आणि आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचा धर्माधिकारी, त्याला ताबा देतो. आर्चडीकन त्याचा हात चर्चच्या दाराच्या किल्लीवर किंवा कडीवर ठेवतो आणि मग पाळक घंटा वाजवून गावाला आपण आल्याचे कळवतो. मला या घंटेचे फार अप्रूप वाटते, कारण ताबा कोणापुढे घेतला गेला हे तिच्यामुळे ठरते. ज्यांना ती ऐकू आली ते सगळे त्या व्यवहाराचे साक्षीदार.

बिशपच्या बाबतीत किल्लीची जागा आसन घेते. कँटरबरीच्या आर्चडीकनकडे एक जुना मान आहे, तो म्हणजे इंग्लंडच्या दक्षिणेकडील संपूर्ण प्रांतात बिशपांना त्यांच्या आसनांवर बसवण्याचा. पदाच्या उतरंडीत आर्चडीकन हा बिशपच्या खालचा, तरीही बिशपचा हात धरून त्याला आसनापर्यंत नेण्याचा आणि ताबा देण्याचा अधिकार त्याचा. ही व्यवस्था उफराटी वाटेल, पण तिच्यात एक शहाणपण आहे: वरचा माणूस स्वतःहून बसत नाही, खालचा त्याला बसवतो. २०१३ मध्ये हा मान शीला वॉटसन यांच्याकडे होता आणि कँटरबरीच्या आर्चबिशपना आसनावर बसवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

मात्र त्या दिवशी वेल्बी यांना एकदा नव्हे, दोनदा बसवण्यात आले, आणि माझ्या मते संपूर्ण सोहळ्यात समजून घेण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. आर्चडीकनने त्यांना ज्या आसनावर बसवले ते कँटरबरी धर्मप्रांताचे, म्हणजे केंटच्या पूर्व भागातील चर्चांच्या बिशपचे आसन. त्यानंतर कॅथेड्रलचे डीन, म्हणजे तिथले मुख्य पाळक, रॉबर्ट विलिस यांनी त्यांना दुसऱ्या आसनावर बसवले, ज्याला संत ऑगस्टीन यांची खुर्ची म्हणतात. नाव ऑगस्टीन यांचे असले तरी ही दगडी खुर्ची सहाव्या शतकातील नाही. ती तेराव्या शतकातील मानली जाते. ११७० मध्ये याच कॅथेड्रलमध्ये मारले गेलेले आर्चबिशप थॉमस बेकेट यांचे अवशेष १२२० मध्ये मोठ्या समारंभाने नव्या समाधीत हलवण्यात आले, त्या सुमाराची ती असावी असे म्हटले जाते. पाठीला सरळ, कोरीव काम जवळजवळ नाही, आणि बसायला मुळीच सुखाची नाही.

दोन खुर्च्या लागतात, कारण एकाच माणसाच्या खांद्यावर एकाहून अधिक पदे आहेत. कँटरबरीचा आर्चबिशप हा प्रथम एका धर्मप्रांताचा बिशप आहे, जरी तिथला रोजचा कारभार डोव्हरचे बिशप सांभाळतात आणि आर्चबिशप बहुतेक काळ लंडनमधील लॅम्बेथ पॅलेसमध्ये असतात. मग तो दक्षिणेकडील ३० धर्मप्रांतांचा प्रमुख आहे. उत्तरेकडचे १२ यॉर्कच्या आर्चबिशपकडे. तो साऱ्या इंग्लंडचा प्रमुख धर्माधिकारी आहे. आणि शेवटी १६५हून अधिक देशांत पसरलेल्या, सुमारे साडेआठ कोटी सदस्यांच्या अँग्लिकन कम्युनियनमध्ये, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन चर्चांच्या परिवारात, तो समान मानल्या जाणाऱ्या प्रमुखांमधला पहिला आहे. पहिले आसन धर्मप्रांताचे, दगडी खुर्ची त्यापलीकडच्या सगळ्यांची, असा आज या विधीचा अर्थ लावला जातो.

दोन्ही आसनांच्या आधी शपथ होते आणि तिथे एक तिसरी जुनी वस्तू पुढे येते. संत ऑगस्टीन यांची शुभवर्तमाने म्हणून ओळखले जाणारे हस्तलिखित सहाव्या शतकात इटलीत तयार झाले, आणि ते ऑगस्टीन यांच्या मोहिमेबरोबरच इंग्लंडला आले अशी परंपरा आहे. सोळाव्या शतकातील आर्चबिशप मॅथ्यू पार्कर यांच्या संग्रहातून ते केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजात गेले आणि आजही तिथेच आहे. नव्या आर्चबिशपच्या सोहळ्यासाठी ते केंब्रिजहून कँटरबरीला आणले जाते आणि त्यावर शपथ घेतली जाते. खुर्ची नावापुरती ऑगस्टीन यांची, पण पुस्तक मात्र खरोखर त्यांच्या काळातले, हा फरक सोहळ्याविषयी वाचताना सहसा निसटतो.

हा विधी नेहमीच असा गंभीर आणि नम्र होता, असे समजण्याचे कारण नाही. १४६५ मध्ये जॉर्ज नेव्हिल यॉर्कचे आर्चबिशप झाले तेव्हाच्या मेजवानीची यादी उपलब्ध आहे आणि तीत १०४ बैल, १००० मेंढ्या आणि ४०० हंसांचा उल्लेख येतो. नेव्हिल घराणे तेव्हा इंग्लंडच्या सिंहासनामागची मोठी शक्ती होते आणि ती शक्ती साऱ्या देशाला दिसावी हाच त्या जेवणावळीचा हेतू. पुढच्या शतकांत याच्या उलट टोकही आले; अनेक आर्चबिशप कँटरबरीला स्वतः गेलेच नाहीत, त्यांच्या वतीने कोणी प्रतिनिधी आसनावर बसून ताबा घेऊन आला. कायद्याला तेवढे पुरत होते. विधीतून माणसे वजा केली की नुसता ताबा कसा उरतो, हे त्या काळात दिसते. दारावरचे प्रश्न, लहान माणसाच्या तोंडून ते विचारले जाणे, नव्या आर्चबिशपने केवळ नाव सांगणे, हा सगळा भाग आधुनिक काळात ठळक झाला. भाषाही बदलली. सिंहासनारोहण असा अर्थ असलेला जुना शब्द चर्च आता शक्यतो टाळते. २०१३ च्या सोहळ्याला अधिकृतरीत्या सेवाकार्याचा आरंभ असे नाव होते.

वेल्बी यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीनामा जाहीर केला. चर्चशी संबंधित शिबिरांतून मुलांचा छळ करणाऱ्या एका व्यक्तीच्या प्रकरणात चर्चने, आणि त्यात त्यांनी स्वतः, पुरेशी कारवाई केली नाही, असा निष्कर्ष एका स्वतंत्र अहवालाने काढला होता. जानेवारी २०२५ मध्ये ते पायउतार झाले, त्यानंतर वर्षाहून थोडा अधिक काळ गादी रिकामी राहिली आणि यॉर्कच्या आर्चबिशपनी अनेक जबाबदाऱ्या सांभाळल्या. ३ ऑक्टोबर २०२५ रोजी १०६व्या आर्चबिशप म्हणून सारा मुलाली यांचे नाव जाहीर झाले. या गादीवर निवडल्या गेलेल्या त्या पहिल्या स्त्री. त्या मूळच्या परिचारिका. १९९९ मध्ये त्या इंग्लंडच्या शासकीय शुश्रूषा विभागाच्या प्रमुख झाल्या आणि नंतर ते पद सोडून पूर्ण वेळ धर्मसेवेत आल्या. इंग्लंडच्या चर्चमध्ये स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा १९९४ पासून मिळू लागली आणि बिशपपदाची २०१५ पासून; मुलाली त्याच वर्षी बिशप झाल्या आणि २०१८ मध्ये लंडनच्या बिशप. त्यांच्या निवडणुकीच्या पुष्टीसाठी २८ जानेवारी २०२६ आणि सेंट पॉल्स, तर आसनविधीसाठी २५ मार्च २०२६ आणि कँटरबरी, असे दिवस आणि ठिकाणे ठरवण्यात आली. २५ मार्च हा देवदूताने मरियेला येशूच्या जन्माची वार्ता दिल्याचा सण, आणि १७५२ पर्यंत इंग्लंडचे कायदेशीर वर्षही याच दिवशी सुरू होत असे.

त्यांच्या निवडीवर आक्षेपही आले. स्त्रियांनी बिशप व्हावे हे मान्य नसलेली आणि समलिंगी विवाहासंबंधीच्या वादात इंग्लंडच्या चर्चवर नाराज असलेली अनेक चर्चे, विशेषतः आफ्रिकेतील, गॅफकॉन या गटात एकत्र आलेली आहेत, आणि या गटाने ऑक्टोबर २०२५ मध्येच कँटरबरीचे अग्रस्थान आपण मानत नाही असे निवेदन काढले. हे घडू शकते याचे कारण दुसऱ्या खुर्चीच्या स्वरूपात आहे. पहिल्या आसनामागे कायदा आहे, राजपत्रे आहेत, ताबा आहे. जगभरच्या चर्चांपुरते पाहिले तर दगडी खुर्चीमागे यांपैकी काहीच नाही. कम्युनियनमधील ४२ प्रांत स्वतंत्र आहेत. इंग्लंडचे चर्च सोडले तर त्यांच्यातल्या एकाही बिशपला नेमण्याचा, काढण्याचा किंवा आज्ञा देण्याचा अधिकार कँटरबरीकडे नाही. रोमच्या पोपशी आर्चबिशपची तुलना वारंवार केली जाते आणि ती इथेच चुकते.

महाराष्ट्राने या नात्याची दोन्ही रूपे पाहिली आहेत. १८३७ मध्ये मुंबईचा अँग्लिकन धर्मप्रांत स्थापन झाला, थॉमस कार पहिले बिशप झाले आणि फोर्टमधील सेंट थॉमस चर्चला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला. हे चर्च १७१८ पासून तिथे आहे. किल्ल्याच्या तटाचे जे दार त्याच्या दिशेने उघडत असे त्यावरून चर्चगेट हे नाव पडले, आणि रोज त्या स्थानकावर उतरणाऱ्या लाखो लोकांच्या तोंडी ते आजही आहे. त्या काळी मुंबईच्या गादीवर कोण बसणार हे लंडनमध्ये ठरत असे. पुढे १९१२ मध्ये व्ही. एस. अझरिया हे पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले, १९३० मध्ये इथले चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळे झाले, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरमध्ये सहा चर्चे एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, ज्यात मुंबईसह महाराष्ट्रातील अँग्लिकन धर्मप्रांत सामील झाले. या चर्चमध्ये आर्चबिशपच नाही. बिशपांपैकीच एकाची सिनॉड, म्हणजे चर्चची सर्वोच्च सभा, ठरावीक मुदतीसाठी मॉडरेटर म्हणून निवड करते, आणि मुदत संपली की ती व्यक्ती त्या पदावरून उतरते. अर्थात धर्मप्रांताच्या बिशपसाठी आसन इथेही आहे.

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अँग्लिकन कम्युनियनचे पूर्ण सदस्य आहे. म्हणजे कँटरबरीच्या दगडी खुर्चीवर जे कोणी बसेल त्याच्याशी मुंबई, नागपूर, पुणे, नाशिक आणि कोल्हापूरच्या बिशपांचेही नाते असते, आणि ते कसे असते हे लॅम्बेथ परिषदेवरून नीट कळते. १८६७ पासून साधारण दर दहा वर्षांनी जगभरच्या अँग्लिकन बिशपांची ही परिषद भरते, अलीकडची २०२२ मध्ये झाली. तिचे ठराव कोणत्याही प्रांतावर बंधनकारक नसतात. परिषदेचे निमंत्रण मात्र आर्चबिशपच्या स्वतःच्या नावाने निघते, आणि ते स्वीकारायचे की नाही हे प्रत्येक बिशपने आपले आपण ठरवायचे असते.